पाहुण्याने वाडा बाटत नाही

पुण्याच्या कसबा पेठेत, किंवा तिच्या आसपासच्या शनिवार, सदाशिव, शुक्रवार आदी पेठांत, एखाद्या जुन्या वाड्याच्या मालकाने वाडा पाडून इमारत उठविण्याऐवजी तो दुरुस्त करावयाचे मनावर घेतले, आणि दुरुस्तीचा खर्च निघावा म्हणून मागील अंगास दोन-तीन खोल्या प्रवाशांच्या मुक्कामासाठी काढण्याचा बेत चार लोकांत बोलून दाखविला, की त्याच्या निश्चयाच्या पूर्वार्धाचे कौतुक आणि उत्तरार्धाचा धिक्कार एकाच दमात करणारी माणसे त्याला हटकून भेटतात. वाडा राखतोस हे उत्तम, पण वाडवडिलांच्या वास्तूचे लॉज करतोस हे शोभत नाही, असा त्या बोलण्याचा मथितार्थ असतो. असे बोलणारे लोक बहुधा सज्जन, सुशिक्षित आणि इतिहासाविषयी खरी आस्था बाळगणारे असतात, आणि नेमक्या याच कारणामुळे त्यांच्या म्हणण्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे. वाडा पाडून तेथे सदनिका बांधणाऱ्या बिल्डराशी वाद घालण्यात हशील नाही. त्याचा हिशेब सरळ आहे आणि तो त्याने कधी लपविलेलाही नाही. पण वाड्यांवर प्रेम करणाऱ्यांच्या सल्ल्याने जेव्हा वाडे पडतात, तेव्हा त्या सल्ल्याची झडती घ्यावीच लागते.

या आक्षेपाच्या मुळाशी एक चित्र आहे. वाडा म्हणजे एकाच कुळाचे, परक्याला मज्जाव असलेले, पिढ्यान्‌पिढ्या एकाच देव्हाऱ्याभोवती नांदणारे घर, असे ते चित्र. आणि त्यात पैसे मोजून राहणारा माणूस आला की ते भंगले असे मानण्यात येते. चित्र देखणे आहे, परंतु पुण्याच्या वाड्यांचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. कागदोपत्री जे ‘कसबे पुणे’ म्हणून येते, ते मुठेच्या काठचे गाव म्हणजेच आजची कसबा पेठ. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली, आणि तेथून पुढे या गावाभोवती आणखी पेठा वसत गेल्या. सरदारांचे मुलूख दूर होते. विंचूरकरांचे विंचूर नाशिकच्या बाजूस, पटवर्धनांची ठाणी कृष्णाकाठी, आणि पुण्यातील वाडा हा त्यांच्यापैकी कित्येकांच्या दृष्टीने राजधानीतील मुक्कामाची जागा होती. मालक मोहिमेवर असे तेव्हा वाड्यात राहात ते कारकून, शागीर्दपेशा, आश्रित, भिक्षुक आणि आला-गेला पाहुणा. वाड्याची रचनाच मुळी तशी आहे. पहिला चौक लोकांचा, दुसरा घरच्यांचा, तिसरा गाईगुरांचा व परसाचा. दिंडीदरवाजातून आत आलेल्या माणसाने कोठवर यावे हे देवडी, सदर, सोपा आणि माजघर यांच्या क्रमाने त्याला न सांगता समजत असे. परक्याला आत घेऊनही घर घरच राहावे, यासाठीच इतके उंबरठे घालून ठेवलेले होते.

१८१८ मध्ये राज्य गेले आणि त्या पाठोपाठ वाड्यांची आमदनीही आटू लागली. १८५२ च्या कायद्याच्या बळावर इनाम कमिशनने सनदा तपासल्यावर ज्यांची इनामे खालसा झाली, किंवा कमी झाली, त्या घराण्यांपाशी एवढाले वाडे उरले आणि त्यांच्या निगेसाठी लागणारा वसूल उरला नाही. तेव्हा या मंडळींनी काय केले? त्यांनी वाडे भाड्याने दिले. बिऱ्हाडकरू ठेवले, विद्यार्थ्यांना खोल्या दिल्या, खानावळी चालू दिल्या, शाळा भरू दिल्या. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये सुरू झाले ते मोरोबादादांच्या वाड्यात. फर्ग्युसन महाविद्यालयाचे वर्ग १८८५ मध्ये प्रथम भरले ते गद्रे वाड्यात. आणि त्याही पूर्वी, १८४८ मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती भिडे वाड्यात. पुण्याला ज्या विद्येचा एवढा अभिमान, ती विद्या या शहरात दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड करूनच वाढलेली आहे. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद टिळकांकडे उतरले होते ते विंचूरकर वाड्यात. आता आक्षेपक म्हणतील की तो पाहुणा पैसे देणारा नव्हता. खरे आहे, पण यजमान स्वतःच त्या वाड्याचा भाडेकरू होता, आणि टिळकांनी गायकवाड वाडा विकत घेतला तो पुढे १९०५ मध्ये. भाड्याच्या पैशाने वाडा बाटत असेल, तर पुण्यातील निम्मे पवित्र वाडे दीडशे वर्षांपूर्वीच बाटले आणि आपण त्यांच्यापुढे आजही जोडे काढतो आहोत.

या ठिकाणी एक किंचित विषयांतर करावेसे वाटते. आक्षेप घेणारे हेच पुणेकर गृहस्थ दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात सहकुटुंब गुहागर, आंजर्ले, दिवेआगर येथे जातात, माडांच्या सावलीत ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी पाहून एखाद्या जुन्या कौलारू घरात उतरतात, पडवीतल्या झोपाळ्यावर बसून उकडीचे मोदक खातात, आणि परत आल्यावर त्या घराची, त्या घरच्या काकूंची आणि सोलकढीची वाखाणणी पुढील सुट्टीपर्यंत पुरवितात. तेथे त्यांना कोणाच्या वाडवडिलांची अप्रतिष्ठा झाल्याचा भास होत नाही. उलट त्या पैशाने त्या घराची कौले दरवर्षी चाळली जातात, मुंबईस गेलेला एखादा मुलगा गावी परत येऊन राहतो, हे त्यांना मोठ्या आनंदाने सांगावेसे वाटते. मग कोकणातल्या गावी जे घराला तारते, तेच कसब्यात आले की घराला काळिमा लावते, हा न्याय कोणत्या स्मृतीतून काढला, हे त्यांनी एकदा सांगावे.

आता त्यांचा दुसरा, आणि वरकरणी अधिक भारदस्त, उपाय पाहू. वाडा हा सार्वजनिक ठेवा आहे; तेव्हा सरकारने किंवा महानगरपालिकेने तो ताब्यात घ्यावा, तेथे स्मारक करावे, संग्रहालय करावे, म्हणजे धंद्याचा स्पर्श टळेल, असे ते सुचवितात. स्मारकांना माझा विरोध नाही; पण स्मारकाच्या मार्गाने घर वाचते हा समज अनुभवाला धरून नाही. शनिवारवाडा संरक्षित आहे, परंतु १८२८ च्या आगीत त्याचे सागवानी मजले जळून गेल्यानंतर जे उरले ते जोते, तट, कारंज्यांचे हौद आणि दिल्ली दरवाजा; आपण राखले आहेत ते एका वाड्याचे अवशेष. भिडे वाड्याचे काय झाले ते तर ताजेच आहे: राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून वर्षानुवर्षे मागणी, वर्षानुवर्षे दावे, आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये ती मोडकळीस आलेली वास्तू पाडून तिच्या जागी नवे स्मारक बांधावयाचे ठरले. जागा राहिली, नाव राहिले. भिंती, खांब आणि ज्या जिन्याने त्या मुली वर गेल्या असतील तो जिना, यांपैकी काही राहिले नाही. राजा केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुन्हा जुळवून ठेवलेले आहेत. दिनकर केळकरांनी ते गोळा केले नसते तर तेही मिळाले नसते, म्हणून त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण घर संग्रहालयात जाते ते घर म्हणून मेल्यावर, ही गोष्ट त्या दालनात उभे राहिले की डोळ्यांआड करता येत नाही.

उलट विश्रामबागवाड्याची हकीकत पाहावी. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हौसेने बांधलेला हा वाडा पेशवाई गेल्यावर रिकामा पडावयाचा, तर तेथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली. पुढे शाळा-महाविद्यालयांचे वर्ग आले, नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कचेरी आली. १८७९ मध्ये त्याला आग लागली, त्याचा एक भाग जळाला, तरीही तो उभा राहिला. सुरूदार खांबांवरील केळफुले आणि दर्शनी बाजूचा तो प्रसिद्ध सज्जा आज आपल्याला पाहावयास मिळतो, याचे श्रेय कोणाच्या वारसाप्रेमाइतकेच तेथे रोज सकाळी दार उघडणाऱ्या शिपायाला आणि छप्पर गळते म्हणून तक्रारीचा कागद लिहिणाऱ्या कारकुनाला आहे. लाकडाच्या घराचा पहिला शत्रू रिकामेपण. बंद खोलीत वाळवी चढते, तुंबलेल्या पन्हळीत पिंपळ रुजतो, सरकलेल्या एका कौलातून एका पावसाळ्यात जेवढे पाणी तुळईच्या टोकात मुरते तेवढे पुढच्या तीन उन्हाळ्यांत सुकत नाही. आणि हे सारे माणूस राहात असेल तर पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात येते, नसेल तर छत खाली आल्यावर येते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस याने इंग्लंडात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी मंडळी जमवली तेव्हा त्याचाही आग्रह हाच होता, की जीर्णोद्धाराच्या नावाखाली इमारती नव्या करू नका, रोजच्या निगेने त्यांचा ऱ्हास थोपवा. आपल्याकडे आगोटीपूर्वी कौले शाकारण्याचा परिपाठ होता तो याच शहाणपणाचा. फरक इतकाच, की शाकारणीस लागणारा गडी आणि त्याची मजुरी देणारा हात, दोन्ही आता घरात उरलेले नाहीत.

तो हात कोठे गेला, हे सांगितल्याशिवाय ही कैफियत पुरी होणार नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जखडले. युद्धोत्तर टंचाईच्या काळात बिऱ्हाडकरूला त्याने संरक्षण दिले हे न्याय्यच झाले, परंतु तात्पुरता म्हणून आलेला तो निर्बंध अर्धशतक टिकला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणुकीस मनमानी ठरविले, आणि १९९९ चा नवा कायदा २००० साली अमलात आला, तोपर्यंत ज्या भाड्यात एका दिवसाची भाजी येणार नाही त्या भाड्यावर दुमजली वाड्याचे छप्पर सांभाळण्याची अपेक्षा मालकाकडून केली गेली. मालकाने दुरुस्ती केली नाही, भाडेकरूला ती करण्याचे कारण नव्हते, आणि दोघेही एकमेकांवर दिवाणी दावे लावून भिंत कलण्याची वाट पाहात बसले. त्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात अक्षरशः विरघळल्या, आणि ‘वाडा म्हणजे धोका’ हे समीकरण पुणेकरांच्या मनात जे बसले ते आजतागायत निघालेले नाही. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा चिकटविते तेव्हा ते नव्याने घट्ट होते. वारसांपैकी एक कोथरूडला, एक बंगळुरास, एक न्यू जर्सीत. मिळकत पत्रिकेवर नावांची रांग. अशा स्थितीत ‘पवित्र ठेवा जसाच्या तसा राखा’ हा उपदेश ज्याला केला जातो, त्या मालकाने राखण्याचा खर्च कोठून आणावा, याविषयी उपदेशक मौन पाळतात. या मौनाचे उत्तर बिल्डर देतो.

तेव्हा पाहुण्याच्या पैशाला नाक मुरडण्याआधी पर्याय काय आहे ते पाहिले पाहिजे. परंतु इतके म्हटल्यावर मला दुसऱ्या बाजूसही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. कारण आक्षेपकांची भीती सर्वस्वी निराधार नाही, तिचा रोख तेवढा चुकलेला आहे. पाहुण्याच्या नावाने वाड्याची जी दुरुस्ती केली जाते, ती मात्र पुष्कळदा त्याचा जीव घेते. मातीच्या व पातळ विटांच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा खरवडून काढतात आणि त्यावर सिमेंट चढवितात. भिंत आत जमिनीतून ओल खेचीत असते, ती ओल चुन्यातून बाहेर पडून वाऱ्यावर वाळत असे, आणि सिमेंट तिला घामेजलेल्या माणसाला मेणकापड गुंडाळावे तसे कोंडून धरते. बाहेरून भिंत चकचकीत, आतून तिची माती भुसभुशीत. आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके, जी दोनशे वर्षे कोरडी राहिली होती, ती दहा-पंधरा वर्षांत कुजून जातात. चुना घाण्यात दळून, वाळू घालून, पाण्यात मुरवून, त्यात गूळ व हिरड्याचे पाणी मिसळून तो वापरण्यास वेळ लागतो हे खरे. मुक्कामाच्या खोल्या येत्या हंगामापूर्वी तयार झाल्याच पाहिजेत या घाईत तो वेळ कोणी देत नाही. दुसरी हत्या कडीपाटाची. माडीवरील प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर हवे, म्हणून लाकडी कड्यांवर आणि त्यावरील माती-चुन्याच्या थरावर फरशी, नळ आणि कमोड बसवितात. ज्या तक्तपोशीने आजवर माणसांची पावले व धान्याची पोती सोसली, तिला रोजचे शिंतोडे आणि गळका सांधा सोसवत नाही, आणि पहिली कडी काळी पडल्याचे खालच्या दिवाणखान्यात उतरलेल्या पाहुण्याला तिच्या मालकाआधी दिसते. तिसरा प्रकार शोभेचा: खांबांवर चकचकीत पॉलिश, कोनाड्यात विजेचे दिवे, सिमेंटच्या महिरपी, दारात फेटा बांधलेला मुलगा आणि जेवणाच्या वेळी तुतारी. ही पेशवाई कोणत्याही पेशव्याने पाहिलेली नव्हती. १९६४ च्या व्हेनिस सनदेत जगभरच्या वास्तुरक्षकांनी लिहून ठेवले आहे, की जुन्या वास्तूला समाजोपयोगी वापर मिळणे हे तिच्या जतनाला नेहमीच उपकारक असते, मात्र त्या वापराने तिची मांडणी वा अलंकरण बदलता कामा नये. आणि जेथे केवळ तर्काला आरंभ होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. वापर आणि मर्यादा ही दोन्ही एकाच सनदेत आहेत. आमचे आक्षेपक त्यातील मर्यादा वाचतात आणि हौशी मालक वापर वाचतात.

म्हणून वादाचा खरा मुद्दा ‘पाहुणा असावा की नसावा’ हा नसून ‘पाहुणा कोठे असावा’ हा आहे, आणि त्याचे उत्तर वाड्याच्या जुन्या मांडणीतच आहे. मूळ घर, म्हणजे सोपा, माजघर, देवघर आणि वरची माडी, हे राहत्या कुटुंबाचे. त्याची दुरुस्ती चुन्याने, मातीने, सागवानाच्या जोडाने, जेथे तुळई सडली असेल तेथे तेवढाच तुकडा बदलून करावी. त्याला लागून मागच्या चौकात, जेथे पागा, गोठा, सरपणाची खोली किंवा न्हाणीघर होते आणि जेथली बांधणी आधीच पडून गेलेली असते, तेथे स्वतःच्या जोत्यावर, स्वतःच्या भिंतींवर पाहुण्यांच्या खोल्या काढाव्यात. नळ, मोऱ्या, गरम पाणी, वातानुकूलन, जे जे आधुनिक प्रवाशाला हवे ते तेथे द्यावे. ते बांधकाम नवे आहे हे लपवू नये, जुन्या घराच्या उंचीवर ते चढू देऊ नये, आणि त्याचे सांडपाणी जुन्या जोत्याच्या अंगाने नेऊ नये. पाहुण्याने सकाळचा चहा चौकात घ्यावा, सदरेवर बसावे, मालकाला वेळ असेल तर त्याच्याकडून घराची हकीकत ऐकावी. रात्री निजावयास त्याने मागच्या या जोडघरात जावे. अशाने जुन्या भिंतींवर पाण्याचा भार पडत नाही, आणि घरच्यांना आपल्याच घरात पाहुण्यासारखे वागावे लागत नाही.

हे मी कल्पनेच्या भरात लिहीत नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात राजघराण्यातील मंडळी राहतात, दरबारात गंजिफाचे पत्ते रंगविणारे कारागीर बसतात, आणि वाड्याच्या काही भागात अलीकडे पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केलेली आहे. तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने चालतात. एका संस्थानाच्या राजवाड्याची बरोबरी कसब्यातील दोन चौकी वाड्याने करू नये, हे मला कबूल आहे. पण मोठ्याला जे साधले त्याचे तत्त्व लहानालाही लागू पडते, किंबहुना लहानाला ते अधिक सोपे जाते. कसब्यातल्या वाड्यात मुक्काम करणाऱ्या माणसाला दारातून बाहेर पडताच तांबट आळी आहे, जेथे तांब्यावरचा ठोका अजून ऐकू येतो. कसबा गणपती आहे. आबासाहेब मुजुमदारांच्या वाड्यासारखी, गाण्याच्या बैठकींमुळे नाव झालेली घरे आहेत. असा पाहुणा तांबटाकडून घंगाळ नाही तरी निदान एखादा लोटा घेऊन जातो. पंचतारांकित हॉटेलात उतरलेला पाहुणा मोटारीच्या काचेतून कसब्यातील वाहतुकीची कोंडी पाहून परत जातो.

राहता राहिला तो कायद्याचा आणि शिस्तीचा प्रश्न. मालक परगावी, चावी दलालाच्या हाती, आणि खोल्यांचे आरक्षण भ्रमणध्वनीवरून, असा जो व्यवहार हल्ली बोकाळू पाहात आहे, त्याला माझा विरोध आक्षेपकांहून तसूभरही कमी नाही. कारण त्यात घर पुन्हा रिकामेच असते, फक्त ते आळीपाळीने परक्यांनी भरलेले रिकामेपण असते. केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत मालकाने स्वतः त्या घरात राहिले पाहिजे अशी अट आहे, ती नुसती कागदावरची अट समजू नये. सगळ्या योजनेचा प्राण तिच्यात आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेही पैसे देऊन राहणारा पाहुणा हा भाडेकरूहून निराळा मानला आहे, तेव्हा जागा अडकून पडेल म्हणून घाबरलेल्या सहहिस्सेदारांची समजूत घालण्यास मालकाला हा आधार पुरेसा आहे. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे त्याची वर्दी द्यावी लागते. ती द्यावी, नोंदवही ठेवावी, कर भरावा. महापालिकेनेही एक करावे. वारसा यादीतील वाड्याच्या जोडखोल्यांना परवाना देताना अग्निशमनाचा दाखला आणि पार्किंगची जागा यांच्या पलीकडे जाऊन मूळ घराच्या दुरुस्तीचा दाखला मागावा: कडीपाट केव्हा तपासला, चुना कोणी केला, कौले केव्हा शाकारली. तो नसेल तर परवान्याचे नूतनीकरण करू नये. चटईक्षेत्र आणि हस्तांतरणीय विकास हक्क यांचे गणित करण्यासाठी पालिकेच्या दफ्तरात जेवढा कागद खर्च होतो, त्याच्या शतांशात हे बसेल.

शेजाऱ्यांचा एक आक्षेप मी जाणूनबुजून शेवटी ठेवला आहे, कारण तो मला मनापासून पटलेला आहे. रात्री अकरानंतर बोळात टॅक्सी येऊ नये, चौकात गाणी वाजू नयेत, देवघराच्या उंबरठ्याशी छायाचित्रणासाठी घोळका होऊ नये, असे ते म्हणतात. यात वावगे काहीच नाही, आणि हे नियम पाहुण्याला आल्याबरोबर सांगण्यात मालकाने संकोच करू नये. अस्सल पुणेरी यजमानाला तो संकोच वाटेल अशी मला तितकीशी भीतीही नाही. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत जोडखोल्या बंद ठेवाव्यात, असेही त्यांचे म्हणणे आहे. तेही मला मान्य आहे, मात्र निराळ्या कारणाने: कोथरूडचा, बंगळुराचा आणि न्यू जर्सीचा असे सगळे हिस्सेदार त्या वेळी लेकरांबाळांसह वाड्यात उतरतात, आणि त्यांना स्वतंत्र न्हाणीघराची खोली हवी असते.